तुझ्या जागेवर बसलेला माणूस

प्रिय शिंगो,

तिकडे ओसाकाला थंडी सुरू झाली असेल. आधी गळ्याभोवती काहीतरी गुंडाळ आणि मग वाचायला बस, कारण हे पत्र लांबणार आहे. परवा फोनवर तू विचारलंस, "ट्रिप कशी झाली?" आणि मी "छान" म्हणून फोन ठेवून दिला. जिने तरुणपणी हातात माईक धरून बसभर माणसांना डोंगर, नद्या आणि देवळं समजावून सांगितली, त्या बाईला हे एका शब्दाचं उत्तर शोभत नाही. शिवाय तुझी जागा रिकामी गेली नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. तिथे एक माणूस बसला होता. त्याच्या खिशात दमडी नव्हती. दोन दिवस तो माझ्याबरोबर हिंडला, माझ्या शेजारी बसून जेवला, आणि तिसऱ्या दिवशी मी त्याला त्याच्या दारापर्यंत पोचवून आले. ते सगळं तुला सांगायचं आहे.

ही ट्रिप मुळात तुझ्या बाबांची. जानेवारीत चार दिवस बरं वाटलं तेव्हा काठी टेकत जाऊन त्यांनी दोघांचे पैसे भरले. नोव्हेंबर म्हणाले, तेव्हा पानं लाल असतात. मला हसूच आलं. मात्सुए आणि इझुमो आम्ही किती वेळा पाहिलं असेल! ते बस चालवायचे आणि मी पुढे उभी राहून बोलायची. पण खरं सांगू का, शिंजी तलावावरचा सूर्यास्त आम्ही दोघांनी एकदाही पाहिला नाही. प्रवासी उतरून काठाशी धावायचे आणि नेमकी तेव्हाच बस वळवून लावायची वेळ यायची. मी बसच्या मागे उभी राहून शिटी फुंकायची, "येऊ द्या, येऊ द्या," आणि ते आरशात बघत बस मागे घ्यायचे. सगळं जग सूर्याकडे बघत असायचं आणि आम्ही दोघं आरशातून एकमेकांकडे. मार्चमध्ये ते गेले. पैसे भरलेलेच होते, म्हणून मी तुला म्हटलं, तू चल. "येतो," म्हणालास. ओकायामाच्या फलाटावर भेटायचं ठरलं. तुझंही तिकीट माझ्याच पर्समध्ये होतं.

मी त्सुयामाहून लवकरच येऊन बसले होते. माझी सवय तुला माहीत आहे, गाडीलाही माझ्यासाठी थांबावं लागत नाही. फलाटावर भेटवस्तूंच्या टपरीजवळ एक बाक होता. त्यावर एक म्हातारा आधीच बसलेला होता. कोट जुना पण इस्त्री केलेला, बुटाचा तळ काळ्या चिकटपट्टीने बांधलेला, आणि मांडीवर किबिदांगोच्या गोड गोळ्यांचा चांगला मोठा डबा, दुकानाच्या कागदात गुंडाळलेला. टपरीवालीने काउंटरवरूनच त्याची खेचली, "आजोबा, अजून विचार करा. कागद फाडला नाहीत तर डबा परत घेते. तिकीट काढा आणि जा गपचूप!" म्हातारा म्हणाला, "आणि घरी काय तोंड घेऊन जाऊ? रिकाम्या हातांनी?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा ना बाई! यांना जायचंय इझुमोला. होते नव्हते ते पैसे डब्याला घातले आणि आता गाडीला पैसे नाहीत. कालपासून फलाटाचं तिकीट काढून येऊन बसतात, गाडीला टाटा करायला." म्हातारा रागावला नाही. डब्यावरची सुरकुती अंगठ्याने सपाट करत म्हणाला, "गाडीभाडं इतकं वाढलं असेल असं वाटलं नव्हतं. मी ऐकलं होतं ते फार जुनं."

मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. कारण मीसुद्धा तेच केलं असतं, तूही केलं असतंस. आपल्यात कोण रिकाम्या हातांनी घरी जातो? मी सारखी समोरच्या फलाटाकडे बघत होते. तिकडेही अशीच एक टपरी होती, गर्दी होती. त्याबद्दल नंतर लिहिते. आपली याकुमो गाडी लागली. मी दारात उभी राहिले. घंटा झाली, तू आला नाहीस. म्हातारा बाकावरून उठून गाडीला वाकून नमस्कार करत होता, एखाद्या वडीलधाऱ्याला करावा तसा. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "या, वर चढा. एक तिकीट जास्तीचं आहे." तो दोन्ही हात हलवत मागे सरकला. "नाही नाही बाई, असं कसं." मग मी माझा जुना आवाज काढला, "प्रवाशांनी कृपया आपापल्या जागा घ्याव्यात!" आणि पोरा, तो आवाज ऐकून आजवर कोणी खाली राहिलेलं नाही. तो डबा छातीशी धरून चढला आणि दार लागलं.

नाव मोरिवाकी. गाव समुद्रकाठी, इझुमोच्या देवळापासून पुढे बसने जावं लागतं, मासेमारीवर जगणारं. तरुणपणी हिवाळ्यापुरता शहरात मजुरीला गेला, तसे तेव्हा सगळेच जात. वसंतात परत यायचं होतं. पण बांधकामाच्या परांचीवरून पडून पाय मोडला, काम सुटलं. "पहिल्या वर्षी घरी न्यायला काही नव्हतं," म्हणाला, "दुसऱ्या वर्षी तोंड नव्हतं. मग एकेक वर्ष जास्तच जड होत गेलं बाई." आता गावचा एक माणूस अचानक भेटला आणि म्हणाला, तुझी आई अंथरुणाला खिळली आहे, हा हिवाळा काढेल असं वाटत नाही. म्हणून निघाला होता. मी म्हटलं, "मग आज संध्याकाळीच पोचाल की." तो खिडकीबाहेर बघत राहिला. ही गाडी आपल्या डोंगरांतून वळणावळणाने जाते, तुला लहानपणी मळमळायचं त्यात. त्याने डबा एकदाही खाली ठेवला नाही.

मात्सुएला उतरल्यावर मी त्याला पुढच्या गाडीत बसवून देणार होते. तो स्टेशनबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "किल्ला इथून लांब आहे का? इतका जवळचा मी, पण कधी पाहिला नाही." मला वाटलं, बिचाऱ्याची हौस असेल. पाहिला किल्ला. लाकडी जिने चढताना त्याचा मोडका पाय ओढला जात होता, तरी वरपर्यंत आला. मग म्हणाला, "खंदकातून होड्या जातात म्हणे?" गेलो होडीत. पुलाखालून जाताना होडीचं छप्परच खाली येतं आणि सगळ्यांना गुडघ्यात डोकं घालून वाकावं लागतं. नावाडी गमत्या होता. "पुलाखाली सगळे सारखे! मंत्री असो नाहीतर सासू, मान खाली!" सगळे खिदळत वाकले आणि पूल गेल्यावर सरळ झाले. मोरिवाकीसान सरळ झाले नाहीत. पुढचा पूल येईपर्यंत ते तसेच वाकून बसले होते, डब्यावर कपाळ टेकून. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस एवढी प्रेक्षणीय स्थळं बघतोय ती एक घर बघायचं टाळण्यासाठी.

मी त्याला बोलू शकले असते. बाबा म्हणायचे तशी मी तोंडाने फटकळ आहे. पण मीही काही वेगळं करत नव्हते. मलाही घाई नव्हती. घरी कोण होतं माझं, फडताळातला फोटो सोडून? दोघंही वेळ काढत होतो, इतकंच.

संध्याकाळी तलावाकाठी गेलो. ढग होते, पण खालच्या बाजूला एक फट मोकळी होती. सूर्य त्या फटीत उतरला आणि सगळं पाणी तांब्याच्या भांड्यासारखं झालं. एक बस आली. तिच्या मागे एक कोवळी पोर शिटी फुंकत उभी होती आणि सूर्याकडे तिची पाठ होती. शिंगो, मला रडू आलं. इतक्या वर्षांनी मी तो सूर्यास्त पाहिला, तर शेजारी तुझे बाबा नव्हते आणि तूही नव्हतास. होता एक परका, फाटक्या बुटांचा म्हातारा. त्याने मला रुमाल दिला नाही, काही विचारलंही नाही. बोट दाखवून म्हणाला, "ते डोंगर दिसतात ना, सूर्य जातोय तिथले? त्यांच्याच मागे आमचं घर." आणि मग म्हणाला, "उद्या देवळात जाऊ या का आधी?" मी डोळे पुसत म्हटलं, "मोरिवाकीसान, देऊळ कुठे पळून जात नाही हो." तो मान खाली घालून म्हणाला, "आईपण इतकी वर्षं तिथेच आहे, म्हणून तर असं झालं."

उतरलो आम्ही त्या जुन्या हॉटेलात, जिथे पूर्वी आमची बस थांबायची. मालकीणबाई म्हाताऱ्या झाल्यात पण जीभ तीच. मला म्हणाल्या, "मुलगा येणार होता ना? हा तर मुलगा फारच पिकलेला दिसतो!" मी सगळं सांगितलं. त्यांनी एक शब्द न विचारता मागची ड्रायव्हरांची खोली उघडून दिली. तुझे बाबा त्याच खोलीत झोपायचे. जेवताना शिंपल्यांची आमटी आली तर मोरिवाकीसान हात लावेनात. "मला भूक नसते बाई संध्याकाळी." मी म्हटलं, "हे पान माझ्या नवऱ्याने जिवंतपणी पैसे भरून मांडून ठेवलंय. ते टाकून त्याला वाईट वाटायला लावू नका." तेव्हा जेवले. एकेक शिंपला उघडून, अगदी सावकाश.

दुसरा दिवस देवळात गेला. इतर सगळीकडे देव नसतात असा तो महिना, सगळे तिथेच जमलेले. आपल्या त्सुयामाचे देवही तिथेच असणार, म्हणजे मी घर नेमकं कोणाच्या भरवशावर टाकून आले होते कोण जाणे. तिथे चार टाळ्या वाजवून नमस्कार करतात हे तुला आठवत असेल. त्यांना टाळ्या वाजवता येईनात, कारण हातात डबा. मी म्हटलं, "द्या इकडे, मी धरते." नाही म्हणाले. डबा काखेत दाबून कशाबशा टाळ्या वाजवल्या, आवाजच आला नाही. नंतर सोबाच्या शेवया खाल्ल्या, मग म्युझियम पाहिलं, मग समुद्रकिनारा. दिवस संपला. शेवटची बस समोर उभी होती आणि ते म्हणाले, "आता अवेळी कुठे जायचं, आई झोपली असेल." तेव्हा मात्र माझा संयम सुटला. मी म्हटलं, "उद्या सकाळी पहिल्या बसने आपण दोघं जातोय. मी दारापर्यंत येते. तुम्ही आत गेलात की मी मागच्या मागे परतेन. आणि वाटेत एकही प्रेक्षणीय स्थळ नाही!" ते हसले. तीन दिवसांत एकदाच.

घर अगदी समुद्राला लागून. दाराबाहेर मासेमारीची जाळी वाळत होती. ते अंगणात थबकले आणि डब्याचा कागद नीट करत राहिले. शेवटी मीच दार सरकवून हाक मारली. त्यांची मोठी बहीण आली, हात्सुनोताई. पाठीत वाकलेली, हात ओले. तिने भावाकडे बघितलं, किती वेळ बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल नाहीतर दार लावून घेईल. ती म्हणाली, "परवापर्यंत डोळे उघडून बघत होती ती. तुझं नाव घेत होती. कुठे होतास रे?" आणि हा एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, "किल्ला बघत होतो, ताई." हात्सुनोताई हसायला लागली आणि हसता हसता उंबऱ्यावर बसून रडायला लागली. ते दोन दिवस मीही त्याच्याबरोबर हिंडले होते.

मी परतणार होते, पण तिने मला आत ओढलं. आई खोलीत निजलेली, डोळे मिटलेले, श्वास तेवढा चालू. आणि उशाशी एक छोटं ताट मांडलेलं. भात, लोणचं, झाकण घातलेली आमटीची वाटी, चॉपस्टिक्स. मला वाटलं आईसाठी असेल. हात्सुनोताई म्हणाली, "याचं आहे. आई रोज मांडायची. ती पडल्यापासून मी मांडते." तुला आठवतं का, बाबांची लांबची बस असली की आजी त्यांचं पान मांडायची? प्रवासात गेलेल्याचं पान घरी मांडलं की तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. आणि झाकण उचलून बघायची, आतून थेंब धरले असले की म्हणायची, सुखरूप आहे. त्या घरात कोणालाही माहीत नव्हतं की तो आज येणार आहे, तरी त्याची आमटी गरम होती. इकडे हा माणूस तोंड नाही म्हणून कुठल्या कुठल्या शहरांत पाव खाऊन झोपत होता.

मोरिवाकीसान आईच्या अंथरुणाशी गुडघ्यांवर बसले. रीतीप्रमाणे डबा दोन्ही हातांत धरून पुढे केला, डोकं जमिनीला टेकवलं आणि म्हणाले, "उशीर झाला. काही विशेष नाही, पण गोड मानून घे." म्हातारीचे डोळे उघडले नाहीत. पण पांघरुणातून तिचा हात बाहेर आला आणि चाचपू लागला. डब्याचा कागद हाताला लागला तेव्हा ती थांबली, मग तिने डबा बाजूला सारला. तो कलंडून चटईवर पडला. तिचा हात अजून शोधतच होता. मोरिवाकीसानांचे हात तसेच हवेत होते, डबा धरल्यासारखे. तिला आधी एक बोट सापडलं, मग सगळा पंजा. तो घट्ट धरून ती म्हणाली, "गार पडलेत." एवढंच. मी तोंडात रुमाल कोंबून बाहेर आले आणि जाळ्यांजवळ उभी राहिले.

काल हात्सुनोताईचा फोन आला. आई गेली. त्या दिवसानंतर आठवडाभर होती. डोळे पुन्हा उघडले नाहीत, पण भाऊ हात सोडवून घ्यायला लागला की कण्हायची, म्हणून तो तसाच बसून राहायचा. शेवटीही हात त्याच्याच हातात होता. तो आता तिथेच आहे, जाळी दुरुस्त करतो. किबिदांगो शेजारच्या पोरांनी फस्त केले म्हणे.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. शिंगो, ओकायामाला मी तुला पाहिलं. तू समोरच्या फलाटावर आला होतास, बाबांचा करडा कोट घालून. तिथल्या टपरीवर तू एक डबा उचललास, किंमत बघितलीस आणि परत ठेवलास. दुसरा उचललास, तोही ठेवलास. मग तू स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलंस आणि खांबामागे गेलास. मी हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर तू पळाला असतास आणि पुन्हा कधी आला नसतास, असं वाटलं मला. माझ्या शेजारी एक जण डबा घेऊन बसला होता, त्याच्याकडे तिकीट नव्हतं. समोर एक जण उभा होता, त्याचं तिकीट माझ्याकडे होतं, आणि त्याच्याकडे डबा नव्हता. रात्री तुझा मेसेज आला, "ऑफिसचं काम निघालं, माफ कर." तुझी नोकरी वसंतातच गेली, हे मला ऑगस्टपासून माहीत आहे. तुझा मोबाइल लागेना म्हणून ऑफिसात फोन केला, तेव्हा तिथल्या मुलीने फार हळू आवाजात सांगितलं. मी काही विचारलं नाही, विचारणारही नाही. पण तेव्हापासून रोज तुझं पान मांडते. झाकणाला थेंब असतात, म्हणून धीर धरून आहे. पाकिटात परतीचं नाही, फक्त येण्याचं तिकीट ठेवलं आहे. बाबांच्या वर्षश्राद्धाची वाट बघू नकोस, आधीच ये. वाटेत काहीही विकत घेऊ नकोस, किल्ला बघू नकोस. तुझी आमटी रोज मीच पिते रे, निवलेली. आता तू येऊन पी.

वाट बघणारी तुझीच,
आई